खिल्लारे दादांचे आटे

शेजारी वाटी घेऊन दूध मागायला येतात ते चहासाठी, नाहीतर विरजणासाठी. आखाडा बाळापूरला मी हायस्कुलात गणिताचा शिक्षक म्हणून रुजू झालो आणि भाड्याच्या खोलीत सामान लावून जेमतेम चार दिवस झाले होते. सकाळी दारात शेजारच्या सुमनताई वाटी घेऊन उभ्या.

"सर, अर्धी वाटी दूध असंल तर द्या. आमच्या ह्यांनी तांबं लावलंय मशीनीला. घरात व्हतं तेवढं संपलं."

मी दूध दिलं. न द्यायला काही कारणच सुचलं नाही. पण मग चैन पडेना, म्हणून चहा अर्धा टाकून शेजारच्या दारात जाऊन उभा राहिलो. बैठकीच्या खोलीत, जिथे लोक दिवाण टाकतात, तिथे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक लेथ मशीन होतं. त्यात बोटभर जाडीचा तांब्याचा दांडा फिरत होता आणि एक ठेंगणे, वाळकुडे गृहस्थ ब्रशानं त्यावर आमचं दूध सोडत होते. दुधाखालून आटे उमटत होते. बोल्टवर गोल गोल चढत जाणारी जी खाच असते, ते आटे. नट बोल्टवर चढतो तो त्यांच्याच आधारानं, हे मी पाठ्यपुस्तकातून शिकवलेलं होतं. पडताना पहिल्यांदाच बघत होतो.

"या सर," मान न वळवता ते म्हणाले. "तांबं लई चिवट असतंय. तेल लावलं की फाटतं. दूध पाजलं की गप ऱ्हातंय."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तांब्यानंच."

हे खोटं होतं. धरणाच्या वर्कशॉपात नोकरीला असताना हैदराबादच्या एका म्हाताऱ्या उस्तादानं त्यांना ते शिकवलं होतं. पण उस्तादाचं नाव त्यांनी मला पुढे दोन वर्षांनी सांगितलं, तेही मी तेवढ्या लायकीचा झालो असं वाटल्यावर.

किसन खिल्लारे त्यांचं नाव. गाव त्यांना खिल्लारे दादा म्हणायचं. वर्कशॉपात पंचवीस वर्षं टर्नर होते. वर्कशॉप बंद पडायला आलं तेव्हा भंगारात निघालेला एक जुना लेथ त्यांनी लिलावात घेतला, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरी आणला आणि दाराची चौकट काढून आत घातला. चौकट पुन्हा बसवली. लेथ कायमचा आत राहिला. पाहुण्यांना त्याच्या कडेच्या बाकावर गुडघे आवळून बसावं लागे. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा नवऱ्या मुलाचा मामा मशीनला टेकून बसला आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर लोखंडाच्या बारीक चिपा चिकटल्या. लग्न जमलं. सुमनताई म्हणत, "मशीनीसकट पसंत केलं त्यांनी आमाला."

दादा धातूंविषयी बोलायचे ते घरातल्या माणसांच्या खाण्यापिण्याविषयी बोलावं तसं. पोलादाला करडईचं तेल. ॲल्युमिनियमला रॉकेल, कारण ते हत्याराला चिकटतं. पितळेला काही नाही, ते कोरडंच चांगलं. बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्यालाही काही नाही, "त्याची भुकटी पडती, तेल घातलं की चिखल व्हतो." स्टेनलेस स्टीलचं नाव काढलं की ते आधी हात झटकत. "ते हट्टी हाय. मधी थांबलं की कडक व्हतं, पुन्हा हत्यार घेत न्हाई. त्याला एकदा धरलं की सोडायचं न्हाई." रेशनचं रॉकेल स्टोव्हला की ॲल्युमिनियमला, यावरून त्या घरात महिन्याला एकदा ठरलेलं भांडण होई आणि दर महिन्याला ॲल्युमिनियम हरे.

उजव्या हाताच्या करंगळीचं नख त्यांनी वाढवलेलं होतं. बाकीची नऊ अगदी मुळापर्यंत कापलेली. सुरुवातीला मला तो शौक वाटला आणि जरा नवलही वाटलं, कारण बाकी माणसाला शौक म्हणून कसला नव्हता. मग कळलं की ते नख हत्यार होतं. आटे पाडून झाले की दादा मशीन थांबवत, चिंधीनं पुसत आणि डोळे मिटून करंगळीचं नख त्यावरून लांबीनं ओढत. कुठे खरखरलं, कुठे अडलं की पुन्हा मशीन सुरू. गिऱ्हाईक म्हणायचं, "दादा, दिसायला तर झकास हाय की." दादांचं उत्तर ठरलेलं: "दिसायला काय करायचं हाय? नखाला इचारा."

गिऱ्हाइकाच्या घाईशी त्यांचं कायमचं वैर होतं. पहिला फेरा ते नुसता ओरखडा काढण्यापुरता देत. मग मशीन बंद. मग पातळ पत्र्याचं दातेरी माप त्या ओरखड्यावर ठेवून, चष्मा कपाळावर चढवून, उजेडाकडे धरून बघत. चार वेळा बघत. बाकावरचा माणूस चुळबुळू लागला की म्हणत, "घाई असली तर बाजारात तयार भेटतो. मला काहून तकलीफ देता?" आणि माणूस बसून राही, कारण जे बाजारात तयार मिळत नव्हतं त्यासाठीच तर तो जीपच्या टपावर बसून आलेला असे.

आणखी एक नेम होता. नवा दांडा कापायला घेतला की आधी त्याचा वीतभर तुकडा ते बाहेरच्या पकडीत आवळत आणि घणानं वाकवत. पार दुमडला तर तो दांडा कामाचा. मोडला तर कोपऱ्यात. दांडा कुठूनही येवो, विकणाऱ्यानं पाच शपथा घेतलेल्या असोत. आपल्या हातचा वाईट आटा दाराबाहेर जाऊ नये, एवढीच त्या माणसाची आयुष्यातली हाव होती. दुसरी मला शोधूनही सापडली नाही, आणि शेजारी म्हणून मी अकरा वर्षं शोधत होतो.

मी त्यांच्या नेमका उपयोगी पडलो तो एकदाच, आणि तेही पूर्ण नाही.

त्यांचा लेथ जुना, इंचांच्या हिशेबाचा. इंची आटे त्यावर लीलया पडत. पण गावात मिलिमीटरच्या मापाचे पंप आणि मोटारसायकली आल्या होत्या. इंची मशीनवर मिलिमीटरचे आटे तंतोतंत पाडायचे तर एकशे सत्तावीस दात्यांचं एक चाक मध्ये घालावं लागतं. ते त्यांच्याकडे नव्हतं. जवळपासच्या दात्यांचं चाक लावून भागवणारे पुष्कळ होते. दादांना तो फरक नखाला लागायचा.

एका रविवारी ते माझ्याकडे आले. खुर्ची दिली तरी उभेच.

"सर, एकशे सत्तावीसला कशानं भाग जातो?"

"कशानंच नाही. मूळ संख्या आहे ती."

"जरा बघा की नीट. तुमी गणिताचे."

मी त्यांच्यासमोर अकरापर्यंत सगळे भाजक तपासून दाखवले. ते प्रत्येक भागाकार खाली वाकून बघत होते, जणू एखादा तरी निघेल. कारण गोलाचे दोन, चार, आठ भाग कंपासनं होतात, सहा होतात, बारा होतात. एकशे सत्तावीस कसे करायचे? मी उत्साहात येऊन तीनशे साठ भागिले एकशे सत्तावीस केलं, दशांश चिन्हापुढे सहा आकडे काढले आणि पुठ्ठ्यावर कोनमापकानं खुणा करायला बसलो. आठ दिवस बसलो. दर वेळी शेवटची खूण पहिल्या खुणेच्या अलीकडे नाहीतर पलीकडे जाई. दादा रोज संध्याकाळी येऊन माझा पुठ्ठा बघत आणि काही न बोलता जात. मला माझ्या पदवीची लाज वाटू लागली.

नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुमच्या शाळेत ते बारीक चौकड्यांचा कागद असतो न्हाई का? आलेखाचा?"

मी कागद आणले. त्यांनी माझ्याकडून त्याची लांब पट्टी जोडून घेतली. अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या एकशे सत्तावीस खुणा. सरळ रेषेत त्या करायला काय लागतं? मग त्यांनी लेथवर लाकडाची एक मोठी चकती लावली आणि तिची कडा हळूहळू उतरवत गेले. थोडी उतरवायची, पट्टी गुंडाळून बघायची. पुन्हा थोडी. दुपारी चारच्या सुमारास पट्टीचं शेवटचं टोक पहिल्या टोकाला असं येऊन भिडलं की मध्ये नख जाईना.

"गोल वाटायला जायचंच कशाला," ते म्हणाले. "पट्टी आधी वाटायची. मग गोल तिच्यायेवढा करायचा."

तीन महिने त्या खुणांच्या आधारानं त्यांनी बिडाच्या चाकावर एकेक दाता कोरला. चाक बसलं त्या दिवशी त्यांनी मला बोलावून एक मिलिमीटरचा बोल्ट पाडून दाखवला आणि तो माझ्या हातात ठेवला. मी वर्गात ही गोष्ट दर वर्षी सांगितली. दर वर्षी मुलांना मी माझे आठ दिवस कमी करून तीन सांगत असे, हेही कबूल करतो.

त्यांचा राग मी कधी पाहिला नाही. माझा त्यांनी पुष्कळ पाहिला. गावातल्या एका मोठ्या घरची पितळी समई एकदा दुरुस्तीला आली. समईचे तीन भाग आट्यांनी एकमेकांत बसतात; मधले आटे झिजून वरचं तबक डुगडुगत होतं. आणणारा गडी म्हणाला, "दादा, तुमच्याकडं आणली म्हणून कुठं बोलू नका. देवघरातली हाय." दादांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि गड्यानं बोलताना तिच्याकडे एकदा बघितलं. मला जे समजायचं ते समजलं. तो गेल्यावर मी म्हणालो, "परत पाठवा ती. हिंगोलीला नेऊ दे त्यांना."

"समईचं काय चुकलं?" दादा म्हणाले, आणि झिजलेला भाग उतरवून त्यांनी नवा पितळी तुकडा बसवला, कोरडे आटे पाडले, समई जोडली, तिच्यात तेल घातलं आणि पाचही वाती लावून लेथवर ठेवली. तासभर ती तिथे तेवत होती. कशाला, तर सांध्यातून तेल पाझरतं का ते बघायला. सुमनताई स्वयंपाकघरातून येऊन म्हणाल्या, "बाई, आज मशीनीची पूजा हाय का काय?" पुढच्या वर्षी त्या घरचे म्हातारे मालक स्वतः आले, दुसऱ्या समईचा भाग घेऊन. बाकावर गुडघे आवळून बसले आणि चहा प्यायले. दादा याबद्दल कुणाशी अवाक्षर बोलले नाहीत. मी मात्र ते गावभर सांगत फिरलो.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती, कारण तिच्यात मी फारसा बरा दिसत नाही.

दसऱ्याच्या आगेमागे आमच्या भागात सोयाबीनची मळणी चालते. ट्रॅक्टरवर चालणारी मळणीयंत्रं या शेतातून त्या शेतात फिरतात, आणि त्यांचं काहीतरी रोज मोडतं. त्या दिवसांत दादांच्या दारात रांग असे. भारनियमन सुरू झालं होतं. सकाळी आठ ते बारा वीज, मग संध्याकाळपर्यंत नाही. त्या चार तासांत सगळं उरकायचं.

मी त्या वर्षी बढतीवर दुसऱ्या जिल्ह्यात जाणार होतो. बायकामुलं पुढे गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या एसटीनं मलाही निघायचं होतं. म्हणून सामान बांधून मी दादांच्या बाकावर येऊन बसलो होतो. साडेअकराला बालाजी नावाचा एक मळणीयंत्रवाला घाईघाईनं आला. यंत्राच्या आत गरगर फिरणारा ड्रम असतो, त्यावर लोखंडी दाते असतात आणि ते दाते दोन्ही टोकांना आटे असलेल्या आखूड दांड्यांनी आवळलेले असतात. तसला एक दांडा तुटला होता. बाजारात मिळत नव्हता. दादांनी दारामागून नवाच आलेला एक अर्धा इंची दांडा घेतला. वीज जायला अर्धा तास राहिला होता. वाकवून बघायचा तुकडा त्यांनी कापला आणि पकडीजवळ नुसता ठेवून दिला.

आटे फार सुंदर पडले. हत्यार लोण्यातून जावं तसं जात होतं. दादांनी नख ओढलं आणि हसले. बालाजी दांडा खिशात घालून गेला. मागे दोघांची कामं होती, तीही झाली, आणि बाराला वीज गेली.

मग दादांनी तो तुकडा पकडीत आवळला आणि घण घातला. तुकडा खडूसारखा मोडून अंगणात पडला.

ते थोडा वेळ मोडलेल्या जागेकडे बघत राहिले. मग खाली बसले.

"इतकं गोड कापून राहिलं व्हतं," ते म्हणाले. "तवाच शंका यायला पायजे व्हती. हे कापायला सोपं म्हणून केलेलं लोखंड हाय, सर. दणका सोसत न्हाई. त्यो दाता सुटला तर तोंडातून भाईर येणार. समोर बाया पेंढ्या टाकत असत्यात."

मी त्यांना धीर द्यायला गेलो. म्हणालो, कदाचित तुटणारही नाही. म्हणालो, तुटला तरी यंत्र आपटतं, दगड जातो, दाते तुटतच असतात. आणि मग जे म्हणालो ते असं: "दादा, तुम्ही स्वतःहून जाऊन सांगितलंत तर इतक्या वर्षांचं नाव जाईल. कुणाला कळणारही नाही, कुठल्या दांड्यामुळे झालं ते."

दादांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मला न येणारं गणित त्यांनी घातलं असावं आणि मी चुकीचं उत्तर दिलं असावं, तसं. "मला कळंल की," ते म्हणाले, आणि उठले.

नवा दांडा करायचा तर वीज नव्हती. दादांनी जुन्या साठ्यातला, शंभरदा पारखलेला एक दांडा काढला, त्याचाही तुकडा आधी वाकवून घेतला, लेथला लावला आणि मला मशीन फिरवणारा पट्टा हातानं ओढायला सांगितलं. मी ओढत होतो, मशीन जात्यासारखं हळू फिरत होतं आणि दादा करडईच्या तेलाचा ब्रश धरून वाकलेले होते. एका बाजूचे आटे व्हायला पाऊण तास लागला. माझ्या तळव्यांना फोड आले. दुसऱ्या बाजूला सुमनताईंनी पट्टा धरला. पहिला फेरा मात्र तेव्हाही नुसता ओरखड्याचाच दिला, आणि थांबून माप लावून बघितलं. त्या वेळी तरी एकदम कापायला काय हरकत होती, असं मला वाटलं. पण बोललो नाही, आधीच एकदा बोलून बसलो होतो.

बालाजीचं गाव माहीत नव्हतं. "नदीकडच्या शिवारात मळणी लावलीय" एवढं तो बोलला होता. एका सहकाऱ्याची एम-एटी मागून घेतली आणि दादांना मागे बसवून कयाधूच्या काठानं निघालो. दर अर्ध्या मैलावर दादा गाडी बंद करायला लावत आणि कान देत. मळणीयंत्राचा आवाज आला की तिकडे. पहिलं यंत्र दुसऱ्याच कुणाचं निघालं. तिथली माणसं सगळं ऐकून हसली. "आपल्या मालात खोट हाय म्हणून सांगत फिरणारा दुकानदार आज बघितला," एक जण म्हणाला. दुसरं यंत्र बंद होतं. आभाळ भरून येत होतं. तिसऱ्याचा आवाज एका नाल्यापलीकडून आला, तेव्हा दादा गाडी थांबायच्या आत उतरले.

यंत्र चालू होतं. तोंडाशी तीन बायका पेंढ्या सरकवत होत्या. सोयाबीनचा मोठा ढीग अजून बाकी होता, आणि पश्चिमेकडे काळं झालं होतं. दादा हात वर करून ओरडत गेले. बालाजीनं त्यांना ओळखलं, पण ट्रॅक्टर बंद केला नाही.

"दुपारपासून बराबर चालून राहिलंय, दादा," तो आवाजावर आवाज चढवून म्हणाला. "एवढा ढीग होऊ द्या. मग बदलू."

"आता बदलायचा."

"पाऊस येऊन राहिला. ह्या बाईचा सगळा माल भिजंल. तुमी भरून देणार का?"

त्याचंही चूक नव्हतं. भिजलेलं सोयाबीन काळं पडतं आणि वर्षाची मेहनत मातीमोल होते. दादांनी वाद घातला नाही. ते सरळ यंत्राच्या तोंडाशी गेले, मधल्या बाईला हातानं मागे सारलं आणि तिच्या जागी तोंडाकडे छाती करून उभे राहिले. हाताची घडी घातली. नुसते उभे.

"सरका तिथून," बालाजी ओरडला. "मरायचं हाय का?"

दादा हलले नाहीत. त्यांनी ज्या बाईला मागे सारलं तिचंच ते शेत होतं. गिरजाबाई नाव. पन्नाशीची, डोक्याला रुमाल बांधलेली. तिनं आधी आभाळाकडे बघितलं, मग ढिगाकडे, मग या अनोळखी माणसाच्या पाठीकडे. मला वाटतं मिनिटभर तरी ती बघत होती. मी तिथे उभा राहून मनात म्हणत होतो की बाई, काहीतरी बोल.

"बंद कर रे," ती बालाजीला म्हणाली.

ट्रॅक्टर बंद झाला. ड्रम थांबायला बराच वेळ लागला. दादांनी झाकण उघडलं, पान्यानं सकाळचा दांडा काढला, ट्रॅक्टरच्या मागच्या आकड्यात अडकवला आणि बालाजीकडचा हातोडा मागून घेतला. एक मारला. दुसऱ्याला दांडा आट्यांपाशी मोडला आणि अर्धा तुकडा बालाजीच्या पायापाशी जाऊन पडला.

बालाजी तुकडा उचलून बघत राहिला. तिन्ही बायका यंत्राच्या तोंडाकडे बघत होत्या, जिथे त्या दुपारपासून उभ्या होत्या. दादा म्हणाले, "माझी चूक हाय. दांडा न पारखता दिला." हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. मग नवा बसवला, आवळला, झाकण लावलं.

यंत्र सुरू झालं. पाऊस अजून आला नव्हता. सगळ्यांनी भराभर पेंढ्या ओढायला सुरुवात केली. मीही पँट दुमडून लागलो आणि माझ्या त्या फोडांचं जे व्हायचं ते झालं. दादा पेंढ्या ओढत नव्हते. यंत्राच्या तोंडाच्या एका अंगाला, अगदी जवळ, ते उभे होते. बायकांनी पेंढी टाकायला हात पुढे केला की त्यांचा खांदा मध्ये येत होता. भुस्सा उडून त्यांच्या अंगावर बसत होता. भुवया, मिशा, चष्मा सगळं एकाच रंगाचं झालं होतं.

पाच वाजून गेले. मला गाडी परत द्यायची होती, सकाळी निघायचं होतं. मी जवळ जाऊन म्हणालो, "चला दादा." त्यांनी मान हलवली. "तुमी व्हा पुढं, सर. नीट जावा." आमचा निरोप एवढाच झाला. तीन वर्षांनी ते गेले, आणि मी त्यांच्या मातीलाही पोचलो नाही, हे मला आजही खातं.

मी बांधावर चढलो तेव्हा मागून गिरजाबाईचा आवाज आला. म्हणून वळलो.

"अहो बाबा," ती त्यांना म्हणत होती, "वाईट व्हता त्यो तर काढला की तुमी. आता काहून उभे ऱ्हायले? बसा तिकडं सावलीला."

"नवा बी मीच केलाय, बाई," दादा म्हणाले.

गिरजाबाईनं डोक्याचा रुमाल सोडला, झटकला आणि नाकातोंडाला बांधायला त्यांच्या हातात दिला. दादांनी तो बांधला आणि पुन्हा यंत्राच्या तोंडाशी उभे राहिले.